बारापासॉरसला पाय किती?



डायनासोर म्हटलं की शेवटच्या बाकावरचं मूलही सरसावून बसतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. टी-रेक्सचं नाव पहिलीतल्या पोरांनाही येतं. पण लांब मानेचे, झाडपाला खाणारे ते अवाढव्य डायनासोर आले कुठून, सुरुवातीला ते कसे होते, हे आपल्यालाही नीट माहीत नसतं. मला तर नव्हतंच. हा पाठ त्यासाठीच लिहिते आहे. यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी परदेशात नाही, आपल्याच राज्यातल्या गडचिरोली जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या तेलंगणात सापडल्या आहेत.

आधी माझी चूक

पाचवीच्या परिसर अभ्यासात उत्क्रांतीचा पाठ येतो. तो शिकवताना मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "उंच झाडाची पानं खाण्यासाठी हे प्राणी मान ताणायचे. ताणून ताणून मान लांब झाली."

एक मुलगी उठली. म्हणाली, "बाई, माझी आजी लहानपणापासून डोक्यावर मोळी वाहते. आईपण वाहते. मग माझी मान आखूड का नाही?"

वर्ग हसला. मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की आपण मोठी माणसं जे करतो तेच मी केलं. "उगाच फाटे फोडू नकोस, खाली बस," म्हटलं. ती बसली. त्यानंतर बरेच दिवस तिचा हात वर आला नाही.

घरी आल्यावर वाचायला घेतलं तेव्हा कळलं, की चूक माझी होती आणि प्रश्न तिचा बरोबर होता. शरीर ताणून किंवा दाबून झालेला बदल पुढच्या पिढीत जात नाही. शास्त्रज्ञांना जे समजायला फार वर्षं लागली, ते या पोरीने मोळीवरून विचारलं होतं. मग मान लांब झाली ती कशी? ते समजून घेण्यासाठी जरा लांबचा प्रवास करावा लागेल.

आपल्या काळ्या दगडात डायनासोर आहेत का?

भातसानगरला राहणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो. धरणाच्या परिसरात जिकडे पाहावं तिकडे काळा कातळ. मुलं त्यातून पांढऱ्या, चमकणाऱ्या गारगोट्या आणतात आणि विचारतात, "बाई, हा डायनासोरचा दात का?"

तो दात नाही, पण मुलाला नुसतं "नाही" म्हणून सोडू नका. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, थंड झालेला लाव्हारस. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. माहुलीचे सुळके त्याच दगडाचे. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या, आणि त्यांत पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजं साचून गारगोट्या आणि स्फटिक झाले. उकळत्या लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत. हाडं टिकतात ती नदीच्या, तळ्याच्या गाळात.

दुसरी गोष्ट काळाची. आपला दगड डायनासोरांच्या गोष्टीत अगदी शेवटच्या पानावर येतो. लांब मानेच्या डायनासोरांची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी, साधारण २३ कोटी वर्षांपूर्वी झाली. ती पानं वाचायची तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सिरोंचाला जायला हवं.

सिरोंचाची हाडं

वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि ही प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. या खोऱ्यात जुन्या नद्यांनी आणि तळ्यांनी साठवलेल्या गाळाचे खडक उघडे पडले आहेत. इथल्या कोटा गावावरून एका खडकथराला ‘कोटा’ हेच नाव पडलं आहे. या गावाजवळचे माशांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच अभ्यासकांना माहीत झाले होते.

पुढची गोष्ट कोलकात्यात सुरू होते. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५७ च्या सुमारास लंडनच्या पामेला रॉबिन्सन या संशोधक बाईंना भूशास्त्राचा विभाग उभा करण्यासाठी बोलावलं. आकडेवारीच्या संस्थेत डायनासोर, हे ऐकून मला गंमत वाटली. या विभागातल्या लोकांना प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्ली गावाजवळ प्रचंड मोठी हाडं मिळाली. एकाच जागी सुमारे ३०० हाडं, किमान सहा प्राण्यांची! सोबत दगड झालेले झाडांचे मोठे बुंधे. म्हणजे हे सगळं पाण्याने वाहत येऊन एका ठिकाणी साचलं असावं. कवटी मात्र मिळाली नाही, फक्त थोडे सुटे दात मिळाले.

त्यातलं मांडीचं एकच हाड जवळपास माणसाच्या उंचीचं होतं. बंगालीत ‘बडो पा’ म्हणजे मोठा पाय. खोदकामावरच्या लोकांनी त्याला तेच टोपणनाव दिलं आणि पुढे शास्त्रीय नावही तेच झालं, बारापासॉरस. खोदकामाचा पहिला हंगाम १९६१ चा, म्हणजे रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. म्हणून पूर्ण नाव बारापासॉरस टागोरी. सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रॉयचौधुरी आणि शंकर चटर्जी यांनी १९७५ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याचा सांगाडा आज कोलकात्याला त्याच संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे.

आमच्या वर्गात हे नाव फळ्यावर लिहिलं आणि पहिला प्रश्न आला, "बाई, बारा पायांचा?" मराठी मुलाला दुसरं काय वाटणार! पाय चारच. पण हाही प्रश्न टाकाऊ नाही, कारण त्याच्या पूर्वजांना चालायला दोनच पाय लागायचे. खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

सुरुवात: कमरेएवढाही नाही

ब्राझीलच्या दक्षिण भागात सुमारे २३.३ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत ब्युरिओलेस्टेस आणि सॅटर्नेलिया नावाचे दोन छोटे डायनासोर सापडले आहेत. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण दीड मीटर, आणि त्यातही निम्मी शेपूट. दोन पायांवर पळणारे, हलके. उभे राहिले तर आपल्या कमरेपर्यंतही पोचले नसते. आणि ब्युरिओलेस्टेस चक्क मांसाहारी! त्याचे दात मागे वळलेले, टोकदार, कडेला विळ्यासारखे बारीक दाते.

तरी शास्त्रज्ञ त्याला बारापासॉरसच्या घराण्यातला मानतात. कारण नातं आकारावरून ठरत नाही. ते हाडांच्या बारीक खुणांवरून, जबड्याच्या घडणीवरून, मांडीच्या हाडावरच्या उंचवट्यांवरून ठरतं. मामा आणि भाचा यांची उंची सारखी नसते, पण नाकावरून ओळखू येतात, तसंच काहीसं.

आता मुलं विचारतील, ब्राझील कुठे आणि गडचिरोली कुठे? तेव्हा ही जमीन सलग होती. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका मिळून जो भूभाग होता त्याला गोंडवन म्हणतात. हे नाव मध्य भारतातल्या गोंड लोकांच्या भूमीवरूनच जगभर गेलं आहे. गडचिरोलीच्या मुलांना हे आवर्जून सांगायला हवं!

एकाच खोऱ्यात तीन पायऱ्या

प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्याचं मोठेपण असं, की इथे खडकांचे थर एकावर एक आहेत आणि प्रत्येक थरात या घराण्याची वेगळी पिढी सापडते. खालचा थर जुना, वरचा नवा.

खालच्या थरात (मालेरी): नांबालिया आणि जकलापल्लीसॉरस. दोन्ही तेलंगणातले, २०११ मध्ये वर्णन झालेले. बारापासॉरसपुढे अगदीच लहान प्राणी.

मधल्या थरात (धर्माराम): प्रधानिया आणि लॅम्प्लूसॉरा, २००७ मध्ये वर्णन झालेले. प्रधानिया साधारण ४ मीटर, तर लॅम्प्लूसॉरा सुमारे १० मीटर. पामेला रॉबिन्सन यांचं मधलं नाव लॅम्प्लू, त्यावरून हे नाव. आणि प्रधानिया हे नाव संस्थेसाठी रानोमाळ फिरून जीवाश्म गोळा करणाऱ्या प्रधान यांच्यावरून. मोठ्या साहेबांबरोबर हाडं वेचणाऱ्याचंही नाव विज्ञानात राहिलं, ही गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगते.

वरच्या थरात (कोटा): बारापासॉरस, सुमारे १४ मीटर. आणि तेलंगणातल्या यामनपल्लीजवळचा कोटासॉरस, सुमारे ९ मीटर. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात पाहता येतो. कोटा थर साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीचा धरतात. काही अभ्यासक तो थोडा अलीकडचाही मानतात.

मान लांब होण्याआधी काय काय झालं?

मान ही गोष्टीची सुरुवात नाही. आधी बदलले दात.

मांस फाडणाऱ्या टोकदार दातांच्या जागी पानाच्या आकाराचे, कडेला जाड दाते असलेले दात आले. आधी मिश्र आहार, मग मुख्यतः पाला. पुढे बारापासॉरसपर्यंत चमच्यासारखे दात दिसतात. पण हे प्राणी पाला चावत नव्हते, ओरबाडून गिळत होते. गाय-म्हैस आठवा. ती रवंथ करते, त्यासाठी तिला रुंद दाढा, जड जबडा आणि मोठं डोकं लागतं. या डायनासोरांना चावायचंच नसल्यामुळे डोकं लहान आणि हलकं राहिलं. लांब काठीच्या टोकाला बादली अडकवून उचला, आणि मग पेला अडकवून उचला. पेला सहज उचलला जातो. लहान डोकं म्हणजे तो पेला. लांब मान परवडली ती त्यामुळे.

न चावलेला पाला पचवायला वेळ लागतो, म्हणून पोट मोठं हवं. पोट मोठं आणि जड झालं की दोन पायांवर तोल सांभाळणं कठीण. हळूहळू पुढचे पायही जमिनीवर टेकू लागले. मधल्या काळातला जर्मनीचा प्लॅटिओसॉरस अजून दोन पायांवर चालणारा होता, त्याचे पुढचे पंजे नीट जमिनीवर टेकतील असे वळतच नव्हते. बारापासॉरसचे चारही पाय मात्र देवळाच्या खांबासारखे सरळ. कमरेशी जोडलेले मणके चार, म्हणजे वजन पेलायला पक्कं जोडकाम.

आणि मान? आपल्या मानेत मणके ७. जिराफाच्या मानेतही ७, उंदराच्याही ७! जिराफाचा एकेक मणकाच लांब आहे. या डायनासोरांत दोन्ही गोष्टी झाल्या, मणके लांबही झाले आणि संख्येनेही वाढले. प्लॅटिओसॉरसच्या मानेत १० होते, पुढच्यांत १२-१३ आणि त्याहून जास्त. चीनच्या मामेंचीसॉरसमध्ये तर १८-१९. एवढी मान जड होऊ नये म्हणून मणक्यांत पोकळ्या आल्या, त्यांत पक्ष्यांसारख्या हवेच्या पिशव्या शिरल्या. बारापासॉरसच्या मणक्यांत या पोकळ्यांची नुकती सुरुवात दिसते. म्हणूनच तो जगभरच्या अभ्यासकांना महत्त्वाचा वाटतो.

मग "ताणून लांब झाली" याऐवजी काय सांगायचं?

मी आता भाताच्या बियाण्याचं उदाहरण देते. आपल्याकडे शेतकरी पुढच्या वर्षीसाठी चांगल्या भरलेल्या लोंब्या वेगळ्या काढतो. तो लोंबी ओढून लांब करत नाही. शेतात आधीच काही लोंब्या लहान, काही मोठ्या असतात. तो मोठ्या राखून ठेवतो, पुढच्या वर्षी त्यांचंच बी पेरतो. असं अनेक वर्षं केलं की पीकच बदलतं.

निसर्गात निवडणारा शेतकरी नाही. पण पिल्लं सगळी सारखी नसतात. ज्याची मान जन्मतःच थोडी लांब, त्याला जागचं न हलता जास्त पाला मिळायचा. अवजड शरीराला एकेक पाऊल महाग असतं. त्यामुळे तो जगायची आणि त्याची पिल्लं वाढायची शक्यता थोडी जास्त. हे लाखो पिढ्या चाललं. एकाही प्राण्याने मान लांब करायचं ठरवलं नव्हतं.

आजीच्या मोळीचं उत्तरही यातच आहे. मोळी वाहून आजीची मान दुखेल, वाकेल, पण ती आपल्या नातीला जे जन्मतः देते त्यात मोळी नसते.

हा जिना नाही

आणखी एक चूक आपण तक्ता काढताना करतो. लहान, मोठा, त्याहून मोठा असे प्राणी एका रांगेत काढतो, जणू प्रत्येकजण पुढच्याचा बाप! वर मीही थरांच्या "पायऱ्या" म्हटलं, पण पायऱ्या खडकांच्या आहेत, प्राण्यांच्या नाहीत. धर्मारामच्या एकाच थरात ४ मीटरचा प्रधानिया आणि १० मीटरचा लॅम्प्लूसॉरा दोघे आहेत. अर्जेंटिनात २०१८ मध्ये वर्णन झालेला इंजेंशिया २० कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच सुमारे १० टनांचा झाला होता, तेही खांबासारखे सरळ पाय नसताना. म्हणजे मोठं होण्याच्या वाटा एकाहून जास्त होत्या, आणि काही वाटा मध्येच संपल्या.

सुमारे २०.१ कोटी वर्षांपूर्वी प्रचंड ज्वालामुखींच्या काळात जगातले कितीतरी प्राणी नष्ट झाले. डायनासोर त्यातून तरले आणि मोकळ्या झालेल्या जागेत पसरले. त्यात त्यांची हुशारी नव्हती. म्हणून मुलांना वहीत जिना काढायला लावू नका, वडाचं झाड काढायला सांगा. बऱ्याच फांद्या वाळलेल्या, काही हिरव्या.

वर्गात आणि घरी करता येईल असं

१. काळाची दोरी: मैदानात २४ मीटर दोरी पसरा. १ मीटर म्हणजे १ कोटी वर्षं. आजपासून मोजत ६.६ मीटरवर आपला काळा दगड, १८ मीटरवर बारापासॉरस, २०.१ मीटरवर तो मोठा नाश, २३.३ मीटरवर ब्युरिओलेस्टेस. आपल्या माणूसजातीला जागा फक्त शेवटच्या ३ सेंटीमीटरची, म्हणजे दोन बोटं! हे पाहून वर्ग आपोआप शांत होतो.

२. लांबीच्या रेघा: खडूने किंवा रांगोळीने १.५, ४, १० आणि १४ मीटरच्या रेघा मारा. शेवटच्या रेघेवर मुलं हात पसरून उभी करा. आपली एसटी त्यापेक्षा छोटी भरते.

३. रविवारचा अभ्यास: पालकहो, घरी कोंबडी शिजत असेल तर मानेचे मणके मुलांना मोजू द्या. १३-१४ भरतील. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज, त्यामुळे हा खराखुरा डायनासोरचा अभ्यास आहे. जे खात नाहीत त्यांनी आपल्या मानेमागचे मणके बोटाने चाचपावेत.

४. चावण्याचा प्रयोग: भाकरीचा एक घास किती वेळा चावला ते मोजायचं. मग शेळी रवंथ करताना पाहून मोजायचं. प्रश्न असा: न चावणाऱ्या प्राण्याला काय मोठं लागेल आणि काय लहान चालेल?

मुलांना विचारायचे प्रश्न

- बारापासॉरसची कवटी मिळाली नाही, तरी तो पाला खायचा हे कशावरून ओळखलं?
- भातसानगरच्या दगडात हाडं का नाहीत?
- मोठा आकार असण्याचे फायदे कोणते, तोटे कोणते?
- आई-बाबांकडून आपल्याला काय जन्मतः मिळतं आणि काय शिकून मिळतं?

शेवटच्या प्रश्नावर मुलं भरपूर बोलतात. बोलू द्या. आणि उत्तर आपल्याला येत नसेल तर "मला माहीत नाही, उद्या बघून सांगते" एवढं म्हणायला लाजू नका.

मी ते जरा उशिराच केलं. दोरीचा उपक्रम घेतला त्या दिवशी सगळ्या वर्गासमोर सांगितलं, की मानेबद्दल मी चुकीचं शिकवलं होतं आणि मोळीचा प्रश्न बरोबर होता. ती मुलगी दोरीच्या दुसऱ्या टोकाला, २३ मीटरवर उभी होती. लाजली, काही बोलली नाही. पण दोरी गुंडाळताना जवळ येऊन हळूच विचारलंन, "बाई, मग पहिला जो होता, तो कोणापासून आला?"

तेवढं वाचून ठेवते आहे. तुमच्या वर्गातली मुलं काय विचारतात, तेही जरूर कळवा.